गाडीच्या सेन्सरला उभा ट्रक का चुकतो? ख्रिश्चन डॉप्लरची गोष्ट

हल्ली नवीन गाडी बघायला गेलं की शोरूममध्ये मायलेजच्या आधी एडासचं कौतुक ऐकायला मिळतं. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलात की डॅशबोर्डवर लाल चित्र येतं, बीप वाजतो, आणि बऱ्याच गाड्या शेवटच्या क्षणी स्वतःच ब्रेकही मारतात. जळगाव आणि धुळ्याच्या रस्त्यांवर अशा गाड्या आता सर्रास दिसतात. त्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रात्री हायवेवर बंद पडून उभा असलेला ट्रक ही सिस्टिम पकडते का?

खरं उत्तर आहे, कधी पकडते, कधी नाही. असं का, हे नीट समजून घ्यायचं तर १८०३ साली जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. त्याने मोटार पाहिली नाही, रडार हा शब्दही ऐकला नाही. पण बंपरमागे बसवलेलं रडार समोरच्या गाडीचा वेग मोजतं ते त्याच्याच नियमाने. आणि रडार कुठे फसतं, तेही त्याच नियमातून कळतं.

पाथरवटाच्या घरातला अशक्त मुलगा

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात झाला. घराण्याचा पिढीजात धंदा दगडकामाचा, आणि धंदा बरा चालायचा. पण हा मुलगा लहानपणापासून प्रकृतीने नाजूक. छिन्नी-हातोडा याला झेपणार नाही हे घरच्यांच्या लक्षात आलं. मग त्याला शिकवायचं ठरलं. गणितात डोकं चांगलं चालतंय हे साल्झबर्गच्या एका प्राध्यापकांनी ओळखलं आणि त्यांच्या सल्ल्याने तो व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला.

शिक्षण झालं, पण पक्की नोकरी मिळेना. १८२९ ते १८३३ तो व्हिएन्नात गणिताच्या प्राध्यापकांचा सहायक होता. मुदत संपली आणि तो रिकामा झाला. ठिकठिकाणी अर्ज, परीक्षा, मुलाखती सुरू होत्या. मधल्या काळात पोटासाठी त्याने जवळपास दीड वर्ष एका सूतगिरणीत हिशेबनिसाचं काम केलं. आपल्याकडे जिनिंगच्या दिवाणजींची खुर्ची ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल, गणितात संशोधन करू पाहणारा माणूस दिवसभर कापसाच्या वह्या लिहीत बसला होता.

१८३५ मध्ये त्याने आशा सोडली. अमेरिकेला कायमचं निघून जायचं ठरवलं, सामानसुमान विकलं, म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. एवढ्यात प्रागच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाल्याचं कळलं आणि तो युरोपातच राहिला. पुढच्या वर्षी माथिल्डाशी लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली. हळूहळू तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला आणि १८४१ मध्ये तिथला प्राध्यापक झाला. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा, वर्गांची गर्दी आणि छातीचा आजार, या सगळ्यात संशोधनाला वेळ काढायचा म्हणजे कसरतच होती.

२५ मे १८४२ ची सभा

त्या दिवशी प्रागच्या शास्त्रज्ञांच्या मंडळात डॉप्लरने एक निबंध वाचला. ऐकायला मोजकी माणसं होती. विषय होता जोडताऱ्यांच्या रंगांचा. म्हणणं मात्र साधं होतं. आवाज असो की प्रकाश, तो लाटांनी येतो. लाटा सोडणारी वस्तू तुमच्याकडे येत असेल तर लाटा दाटीने पोचतात, लांब जात असेल तर विरळ पोचतात.

हे कानाने अनुभवायचं असेल तर जळगाव स्टेशनवर उभे राहा. न थांबता जाणारी गाडी हॉर्न वाजवत येते तेव्हा हॉर्नचा सूर चढा असतो. इंजिन तुमच्यासमोरून गेलं रे गेलं की तोच सूर एकदम खाली उतरतो. हॉर्न बदललेला नसतो. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर येताना सूर साधारण ९ टक्के वर आणि जाताना ८ टक्के खाली ऐकू येतो. हाच डॉप्लर परिणाम.

तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने ही गोष्ट अगदी याच पद्धतीने तपासली. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर त्याने इंजिनासोबत वाजंत्री बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची पक्की जाण असलेले संगीतकार उभे केले. डब्यातले वादक एकच सूर धरून होते, खाली उभे असलेल्यांना तो आधी चढा आणि मग उतरलेला ऐकू आला. आवाजापुरता डॉप्लर बरोबर ठरला.

गंमत म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याने निबंध लिहिला तीच चुकली. त्याला वाटत होतं की सगळे तारे मुळात पांढरे असतात आणि आपल्याकडे येणारे निळसर, लांब जाणारे तांबूस दिसतात. ताऱ्यांचे रंग खरं तर त्यांच्या तापमानामुळे असतात. येण्या-जाण्याचा परिणाम रंग बदलण्याइतका मोठा होण्यासाठी तारे अचाट वेगाने पळायला हवेत. १८४८ मध्ये फ्रान्सच्या फिझोने दाखवलं की प्रकाशात हा परिणाम शोधायचा तर रंगाकडे नाही, वर्णपटातल्या बारीक रेषांच्या सरकण्याकडे बघायला हवं. म्हणजे डॉप्लरचा नियम पक्का होता, त्यावरून काढलेला अर्थ कच्चा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, गाडीच्या बाबतीत ती पुन्हा कामाला येणार आहे.

बंपरमागचा डॉप्लर

गाडीतलं रडार साधारण ७७ अब्ज हर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लाटा पुढे सोडतं. एका लाटेची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. लाट समोरच्या वस्तूवर आपटून परत येते. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. परत आलेली लाट किती दाट किंवा विरळ झाली यावरून वेग कळतो. तुम्ही ताशी १०० किलोमीटरने एखाद्या स्थिर वस्तूकडे जात असाल तर परत येणाऱ्या लाटेत सुमारे १४,००० हर्ट्झचा फरक पडतो. ७७ अब्जात १४ हजार, म्हणजे ५४ लाखांत एक. एवढा बारीक फरक ते सेकंदाच्या छोट्याशा भागात मोजतं. अंधार असो, धुकं असो, मोजणी चालूच.

मग अडतं कुठे?

समजा तुम्ही धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावकडे निघालात. राष्ट्रीय महामार्ग ५३, आपला जुना ६ नंबर. गाडी ताशी ८० वर आहे. पुढे केळीचा ट्रक ६० ने चाललाय. रडारच्या दृष्टीने ट्रक तुमच्याकडे २० ने येतोय. रस्त्याकडेचे खांब, झाडं, दुभाजक, पाट्या, पुलाचा कठडा हे सगळं मात्र ८० ने अंगावर येतंय. त्या गर्दीत २० चा आकडा एकटाच वेगळा उठून दिसतो. रडार ट्रकला सहज पकडतं.

आता तोच ट्रक पंक्चर होऊन रस्त्यावर उभा आहे. त्याचा आकडा काय येणार? ८०. पाटीचा ८०, खांबाचा ८०, पुलाचा ८०, ट्रकचाही ८०. रडारला ट्रक दिसत नाही असं नाही. लाट त्याच्यावरूनही परत येतेच. पण उभ्या जगाच्या गर्दीत तो मिसळून जातो. जुन्या पद्धतीच्या रडारला वस्तू किती उंचीवर आहे हे फारसं कळत नाही, त्यामुळे रस्त्यावरून आडवी गेलेली दिशादर्शक पाटी आणि रस्त्यात उभा ट्रक यांत गोंधळ होऊ शकतो. प्रत्येक पाटीला घाबरून गाडीने करकचून ब्रेक मारला तर मागचा ट्रक तुमच्या डिकीत येईल. म्हणून अशा कितीतरी सिस्टिममध्ये, वेग जास्त असताना, आधीपासून उभ्या असलेल्या वस्तूंकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं जायचं. नवीन रडार उंचीही मोजतात आणि कॅमेऱ्याची मदत घेतात, त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे. पण मॅन्युअल उघडून बघा, उभी वाहनं ओळखली न जाण्याची सूचना आजही सापडेल.

यात एक बारकावा आहे. पुढची गाडी तुमच्या डोळ्यांसमोर हळू होत थांबली तर रडार तिला सहसा सोडत नाही, कारण ती चालती असतानाच त्याने तिला हेरलेलं असतं. धोका जास्त असतो तो आधीपासून उभ्या असलेल्या वाहनाचा. त्यातही वाईट प्रसंग म्हणजे तुम्ही एका बसच्या मागे आहात, बस ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्यामागे लपलेला उभा ट्रक एकदम समोर येतो. तेव्हा सेन्सरच्या हातात एक-दोन सेकंदच उरतात.

आडवं येणाऱ्याचं काय?

डॉप्लरच्या नियमाची दुसरी मर्यादा तुम्ही घरीच समजू शकता. लाटा दाटतात किंवा विरळ होतात त्या वस्तू जवळ किंवा लांब जात असेल तरच. तुमच्या समोरून सरळ आडवं जाणाऱ्याच्या चालीचा त्यात जवळजवळ काहीच हिशेब येत नाही. शेतातून निघून हायवे ओलांडणारी बैलगाडी, दुभाजकाच्या फटीतून आडवी घुसणारी बाइक, रस्ता पार करणारी म्हैस, यांचा डॉप्लरचा आकडा उभ्या खांबासारखाच येतो. त्यात बाइक आणि जनावर यांच्यावरून परत येणारी लाट ट्रकच्या मानाने दुबळी.

हे कागदावरचं भय नाही. ७ मे २०१६ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात, विलिस्टन गावाजवळ, ऑटोपायलट चालू असलेली टेस्ला गाडी महामार्ग ओलांडणाऱ्या ट्रेलरच्या खाली घुसली आणि गाडीतला माणूस मेला. अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालातून पुढे आलं की गाडीतली धडक-सूचना आणि आपोआप ब्रेकची यंत्रणा आडव्या जाणाऱ्या वाहनासाठी बनवलेलीच नव्हती. तो पुढच्या गाडीला मागून धडकण्यापासून वाचवणारा सेन्सर होता. ना बीप वाजला, ना ब्रेक लागला.

आता हाच नियम आपल्या रस्त्यांवर लावून बघा. अमेरिकेच्या महामार्गावर आडवा ट्रेलर हा क्वचितचा प्रसंग असेल. आपल्याकडे गाव तिथे क्रॉसिंग आहे.

डॉप्लरचा विरोधक आणि गाडीचा कॅमेरा

रडार एकटं पुरत नाही म्हणून गाडीच्या काचेच्या वर, आरशामागे, कॅमेरा बसवतात. इथे डॉप्लरच्या आयुष्यातलं एक जुनं भांडण आठवतं.

प्राग सोडून डॉप्लर १८४७ मध्ये शेम्निट्सच्या खाणकाम अकादमीत गेला होता. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. १८४८ च्या क्रांतीची धामधूम सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तो व्हिएन्नात परतला. १८५० मध्ये सम्राटाने त्याला व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक नेमलं. सूतगिरणीच्या वह्यांपासून इथपर्यंत यायला त्याला सतरा वर्षं लागली. त्याच्या वर्गात बसून प्रयोग कसे करायचे हे शिकणाऱ्यांत एक तरुण साधू होता, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यावरचे प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा, शाळेच्या पुस्तकातला तोच मेंडेल.

पण सुख फार टिकलं नाही. १८५२ मध्ये त्याच विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल याने व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत डॉप्लरच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. त्याच्या मते दोन ओळींच्या बीजगणितातून मोठा नियम निघूच शकत नाही. उगम आणि ऐकणारा जागचे हलत नसतील तर वारा कितीही वाहिला तरी सूर बदलत नाही, हे पेट्झव्हालचं गणित. ते बरोबर होतं. पण डॉप्लर बोलत होता उगम किंवा ऐकणारा हलतो त्याबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बोलत होते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल.

हा पेट्झव्हाल कोण? १८४० मध्ये फोटोग्राफीसाठी पहिली खास पोर्ट्रेट लेन्स गणिताने तयार करणारा माणूस. आकडेमोडीसाठी त्याने तोफखान्यातले सैनिक मदतीला घेतले होते. त्या लेन्समुळे फोटोसाठी कित्येक मिनिटं ताटकळत बसायची वेळ संपली. तुमच्या फोनमधल्या पोर्ट्रेट मोडच्या घराण्याचा तो मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही.

म्हणजे आजच्या गाडीत पुढे डॉप्लर बसलाय आणि काचेवर पेट्झव्हाल. दोघांचं आजही कधी कधी जमत नाही. रडार म्हणतं समोर काहीतरी मोठं, स्थिर आहे. कॅमेऱ्याने मात्र त्या आकाराला गाडी म्हणून ओळखायला हवं. कॅमेरा शिकलेला असतो गाडीच्या नेहमीच्या पाठीवर: दोन लाल दिवे, नंबर प्लेट, चौकोनी आकार. आपल्याकडे रात्री रस्त्यात काय असतं? दिवे नसलेली ट्रॉली, दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर आलेली. मागे लोखंडी सळया लोंबणारा टेम्पो. ताडपत्रीने झाकलेला ट्रक, ज्याचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलाय. संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे, म्हणजे पश्चिमेला निघालात तर सूर्य सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात. दोघांचं एकमत झालं नाही तर कॉम्प्युटर पुष्कळदा गप्प बसतो, कारण खोटा ब्रेकही जीवघेणा असतो.

व्हेनिसमधला शेवट

पेट्झव्हालशी वाद सुरू असतानाच डॉप्लरचं दुखणं वाढलं. १८५२ च्या हिवाळ्याआधी, उबदार हवेत बरं वाटेल म्हणून तो व्हेनिसला गेला. तिथेच १७ मार्च १८५३ रोजी त्याचा मृत्यू झाला. पन्नाशीही गाठली नव्हती. आपला नियम पुढे कुठवर जाणार आहे हे त्याला कळलं नाही. आज सोनोग्राफीत रक्ताचा वेग त्याने मोजतात, पावसाचे ढग त्याने तपासतात, विश्व पसरतंय हेही त्याच नियमाने कळलं.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो आणि म्हणूनच त्याची चूकही आठवावीशी वाटते. त्याचा नियम खरा होता, त्यावरून ताऱ्यांच्या रंगांचा निष्कर्ष चुकला. आपण गाडीत नेमकं तेच करतो. रडारचं माप बरोबर असतं. बीप वाजला नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे, हा आपण काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. गप्प बसलेली सिस्टिम फक्त एवढंच सांगते की तिला खात्री वाटेल असं काही सापडलं नाही.

मग करायचं काय?

एडास बंद करा असं मी सांगणार नाही. पुढची गाडी अचानक हळू झाली आणि तुमचं लक्ष क्षणभर उडालं, तर हीच सिस्टिम जीव वाचवते. फक्त तिच्या भरवशावर वेग वाढवू नका. साधा हिशेब बघा. ताशी ८० वर तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. एकूण ७० मीटरच्या आसपास. ताशी १०० वर हाच आकडा १०० मीटरजवळ जातो. लो बीमवर उजेड एवढा लांब नीट पोचत नाही. बिनदिव्याचा ट्रक तुम्हाला दिसेल तेव्हा ब्रेकला जागाच उरलेली नसेल.

- रात्री वेग उजेडाच्या टप्प्यात ठेवा. दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.
- मॅन्युअलमधलं सेन्सरच्या मर्यादांचं पान एकदा तरी वाचा. आपली सिस्टिम कोणत्या वेगापर्यंत काम करते, बाइक, माणसं आणि जनावरं ओळखते का, हे तिथे लिहिलेलं असतं.
- बंपरवर लोखंडी गार्ड, जाडजूड स्टिकर किंवा फॅन्सी लोगो बसवण्याआधी रडार कुठे आहे ते विचारा. त्याच्यासमोर काही बसवलं तर ते आंधळं होतं.
- चिखल, धूळ आणि चिकटलेले किडे पुसा, बंपरवरचे आणि कॅमेऱ्यासमोरच्या काचेवरचे.
- काच बदलली किंवा बंपरचं काम झालं की सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. थोडासा कोन चुकला तरी रडार शेजारच्या लेनकडे बघत बसतं.
- चाळीसगावजवळच्या कन्नड घाटासारख्या वळणांवर सेन्सरवर विसंबू नका. रडार बऱ्यापैकी सरळ बघतं, रस्ता मात्र वळलेला असतो.
- तुमचीच गाडी बंद पडली तर ती जमेल तेवढी रस्त्याखाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोणी रिफ्लेक्टर बऱ्याच मागे ठेवा. तुम्ही आता उभे आहात. मागून येणाऱ्या रडारसाठी तुमची गाडी आणि रस्त्याकडेचा खांब यांत फारसा फरक नाही.